दोन फेऱ्या जिंकूनही पोरगी हरते कशी?

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. त्यांची मुलगी सोळा वर्षांची, ५४ किलोत बॉक्सिंग खेळते. विभागीय स्पर्धेत हरली. ते लिहितात, "शेवटच्या दोन फेऱ्या तिच्याच होत्या, सगळं मैदान तेच म्हणत होतं. टोकियो ऑलिम्पिकला मेरी कोमचंही असंच झालं, आम्ही टीव्हीवर पाहिलं. मग या खेळात न्याय आहे का? पोरीला ठेवू की काढून घेऊ?"

दादा, मी मेरी कोमच्या त्या लढतीपासूनच सुरू करतो, कारण तुमच्या लेकीचं उत्तरही त्याच आकड्यांत आहे. २९ जुलै २०२१. ५१ किलो गट, उपांत्यपूर्व फेरीच्या आधीची लढत, समोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. ही काही नवखी नव्हती, रिओला कांस्य घेतलेली बाई. पहिली फेरी व्हॅलेन्सियाला ४-१ मिळाली. दुसरी मेरीला ३-२. तिसरीही मेरीला ३-२. आणि निकाल लागला व्हॅलेन्सिया ३-२. रिंगमधून खाली उतरल्यावरही मेरीला आपण जिंकलो असंच वाटत होतं. तीन फेऱ्यांपैकी दोन आपल्या, मग आपणच जिंकलो, हा हिशेब टेनिसचे सेट मोजणाऱ्या माणसाला अगदी सरळ वाटतो. बॉक्सिंगमध्ये तो चालत नाही.

इथे फेऱ्यांची बेरीज होत नाही, माणसांची होते. रिंगभोवती पाच जण बसतात. (मराठीत आपण त्यांना पंच म्हणतो आणि ठोशालाही पंच म्हणतो, म्हणून गोंधळ नको, मी जज म्हणतो.) प्रत्येक जज दर फेरीला एकाला १० गुण देतो आणि दुसऱ्याला ९. फरक ठळक असेल तर ८, अगदीच एकतर्फी असेल तर ७. तीन फेऱ्या संपल्या की प्रत्येक जजची आपापली बेरीज होते आणि त्याचा त्याचा एक विजेता ठरतो. म्हणजे एका लढतीचे पाच निकाल लागतात, आणि त्यातले तीन जिकडे, तिकडे हात वर.

आता वही घेऊन बसा. एक बॉक्सर लाल कोपऱ्यातली, दुसरी निळ्या. जजची नावं अ, ब, क, ड, इ. पहिल्या फेरीत अ, ब, क, ड लाल कोपऱ्याकडे, फक्त इ निळ्याकडे. दुसरीत अ आणि ब लालकडे, बाकी तिघं निळ्याकडे. तिसरीत अ आणि क लालकडे, बाकी तिघं निळ्याकडे. बेरीज करा. अ च्या कागदावर लाल ३०-२७. ब कडे लाल २९-२८. क कडेही लाल २९-२८. ड कडे निळी २९-२८, इ कडे निळी ३०-२७. निळीने दोन फेऱ्या ३-२ ने घेतल्या आणि लढत २-३ ने गमावली. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. ज्या जजने पहिल्या फेरीत तुमच्या विरुद्ध दिलं, त्याला पुढच्या दोन्ही फेऱ्यांत आपल्या बाजूने वळवावं लागतं, तेव्हा तो तुमचा होतो. एक जरी हुकली तर तो गेला. पहिल्या फेरीत चार जज गमावणं म्हणजे चार घरं गहाण टाकून पुढे खेळणं.

तुमच्या मुलीची लढत मी पाहिलेली नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक वाक्य आहे: "पहिल्या फेरीत ती जरा अंदाज घेत होती." दादा, लढत तिथंच गेली असणार. ही सवय आपल्याकडच्या लेकरांत मी सव्वीस वर्षं बघतोय, आणि ती कुठून येते तेही मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः तालमीतून इकडे आलो. कुस्तीत सलामी झाली की पहिलवान हात लावून बघतो, मान ओढून बघतो, समोरच्याचा जोर कुठे आहे ते चाचपतो. ते शहाणपणाचं आहे, कारण एक डाव बसला की मागचं सगळं भरून निघतं, चितपट झाली की विषयच संपला. आपल्या गावच्या जत्रेतल्या फडात वाढलेल्या पोराच्या हाडात ते मुरलेलं असतं. बॉक्सिंगमध्ये मोठ्या गटात तीनच फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. एकूण नऊ मिनिटं. त्यातली तीन मिनिटं चाचपण्यात घालवली की एक तृतीयांश परीक्षा कोरी सोडून आल्यासारखं होतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेकराला पहिल्या महिन्यातच मी एक सवय लावतो. घंटा झाली की पहिल्या दहा सेकंदांत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लागलाच पाहिजे. जोरात नको, पण सरळ आणि स्वच्छ. त्यामागून लगेच पाय हलले पाहिजेत. पॅडवर काम करतानाही आम्ही पहिली फेरी सर्वात वेगात घेतो, एरवी पोरं तापत तापत तिसऱ्या फेरीला रंगात येतात आणि सरावात ते दिसायला छान दिसतं. याची दुसरी बाजूही सांगतो. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये आपला निशांत देव ७१ किलोच्या उपांत्यपूर्व लढतीत मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देविरुद्ध पहिली फेरी घेऊन पुढे होता आणि शेवटी १-४ ने हरला. पहिली फेरी म्हणजे सगळं नाही. पण ती गमावून बसलं की पुढे दमसास असूनही गणितच आडवं येतं, आणि ती घेतली की निदान दमसास कामाला येण्याची सोय राहते.

"सगळं मैदान म्हणत होतं" याबद्दल थोडं मन घट्ट करून ऐका. मी राज्य पातळीवर जज म्हणून बसलो आहे. जजची खुर्ची रिंगच्या कडेला, खाली असते. डोळ्यांच्या रेषेत दोऱ्या. पाचही जण वेगवेगळ्या जागी बसतात ते याचसाठी, की एकाला पाठ दिसते तेव्हा दुसऱ्याला तोंड दिसावं. मागच्या रांगेतला माणूस, किंवा घरी टीव्हीसमोर बसलेला, आवाज ऐकून मोजतो. ग्लोव्हज गार्डवर, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांवर, आपटला तरी धप्प आवाज येतो आणि मैदान ओरडतं. त्या ठोशाला काहीच किंमत नसते. किंमत कशाला? ग्लोव्हजच्या बोटांच्या सांध्यांकडच्या भागाने, डोक्याच्या समोर किंवा बाजूला, नाहीतर पट्ट्याच्या वर अंगावर, अंगाचा किंवा खांद्याचा जोर देऊन, मध्ये हात न येता लागलेल्या ठोशाला. उघड्या तळव्याने लागला, मनगटाने घासला, दंडावर बसला, तो गेला. असे स्वच्छ ठोसे कुणाचे जास्त, हे जज आधी बघतो. मग लढत कोण चालवतंय ते बघतो, म्हणजे कुणाच्या मनाप्रमाणे अंतर पडतंय, कोण कुणाला चुकवायला लावतंय. फक्त पुढे चालत जाणं म्हणजे लढत चालवणं नव्हे. आपली पोरं इथे फार फसतात. डोकं खाली घालून पुढे जातात, दोन्ही हातांनी आठ ठोसे सोडतात, सहा गार्डवर बसतात, आणि मागे सरकता सरकता समोरची दोन सरळ ठोसे तोंडावर देऊन बाजूला होते. मैदान आठ मोजतं, जज दोन मोजतो. "सर, मी तर लय मारलं ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच व्हिडिओ काढून ठेवतो.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या पालकांना माहीत असते. या खेळात समोरचीला खाली पाडलं म्हणून वेगळा गुण मिळत नाही. रेफरी आठपर्यंत मोजतो, ती सावरली तर लढत पुढे सुरू. उलट रेफरीने ताकीद दिली, धरलं म्हणून किंवा डोकं खाली घेऊन घुसली म्हणून, तर पाचही जजच्या कागदावरून एक-एक गुण जातो. एका ताकिदीने २९-२८ चं २८-२८ होतं, आणि मग जजला तसाच बसून एकीला निवडावं लागतं. तुमच्या मुलीला त्या दिवशी ताकीद मिळाली होती का, ते तिला शांतपणे विचारा. घरी आल्यावर पोरं हे सांगत नाहीत.

आता न्यायाचं. तुम्ही सरळ विचारलंय, मीही सरळ सांगतो. या खेळात अन्याय झालेला आहे, मोठ्या व्यासपीठावर झालेला आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे लावले आणि ३२ खाल्ले, असा तेव्हाचा हिशेब आहे, आणि निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने गेला. त्याच स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट बॉक्सर म्हणून करंडक मात्र जोन्सला दिला गेला. त्यानंतर १९९२ पासून बटणं आली. पाचपैकी तीन जजनी साधारण एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा मोजायचा. ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्याने खेळ बिघडला. अंगावरचे ठोसे, जवळून मारलेले जलद ठोसे कुणी मोजेचना, सगळे लांबून एक-एक टिचकी मारायला लागले. लंडन २०१२ नंतर ती पद्धत गेली आणि १० गुणांची आली. तिच्या पहिल्याच ऑलिम्पिकला, रिओ २०१६ ला, इतका गदारोळ झाला की तिथल्या सगळ्या ३६ रेफरी-जजना बाजूला ठेवलं गेलं. पुढे २०२१ मध्ये रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशीत तिथे निकाल फिरवण्याची यंत्रणा होती हे बाहेर आलं. टोकियो आणि पॅरिसचं बॉक्सिंग ऑलिम्पिक समितीने स्वतःच्या हातात घेतलं. २०२३ मध्ये जुन्या जागतिक संघटनेची मान्यताच काढली. आता वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना आहे, भारत तिच्यात आहे, आणि मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिस २०२८ साठी बॉक्सिंग पक्कं झालं. मध्यंतरी हा खेळ ऑलिम्पिकमधून जातो की काय अशी वेळ आली होती. त्या दोन वर्षांत माझ्याकडची दोन चांगली पोरं वेटलिफ्टिंगकडे गेली, आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही.

सरिता देवीचं तुम्हाला आठवत असेल. २०१४, इंचिऑन आशियाई खेळ, ६० किलो, उपांत्य लढत, समोर यजमान देशाचीच पार्क जिना. निकाल सरिताविरुद्ध गेला. पदक द्यायच्या वेळी तिने गळ्यात घालून घेतलं नाही, हातात घेऊन पार्कच्याच गळ्यात घातलं आणि रडत उभी राहिली. तिच्यावर वर्षभराची बंदी आली. मी ती लढत नंतर कितीदा पाहिली, आणि प्रत्येक वेळी माझा कागद सरिताच्या बाजूनेच येतो. पण माझ्या पोरींना मी हेही सांगतो की त्या रागाची किंमत तिला एक वर्ष खेळाबाहेर बसून मोजावी लागली, आणि तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. मी कोपऱ्यात असतो तर मात्र तिचा हात धरला असता.

तेव्हापेक्षा आज बरीच सुधारणा आहे. रिओला पाच जज बसायचे, पण त्यातल्या तिघांचेच गुण धरले जायचे. टोकियोपासून पाचही धरले जातात. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक फेरीनंतर गुण पडद्यावर दिसतात, म्हणजे कोपऱ्यातल्या कोचला कळतं की आपण कुठे आहोत. आपल्या विभागीय स्पर्धेत ही सोय नसते. कोचला अंदाजाने सांगावं लागतं, आणि अंदाज चुकतो. तुमच्या मुलीच्या कोपऱ्यात दुसऱ्या फेरीच्या आधी कुणी तिला "तू मागे आहेस" असं स्पष्ट सांगितलं का? मला वाटतं नसेल सांगितलं. पोरीचं मन मोडू नये म्हणून कोच "छान चाललंय" म्हणतात. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच करायचो, आणि त्यापायी एक लढत माझ्यामुळे गेली. पोरीला मी "आरामात खेळ" म्हणालो होतो, आणि ती मागे होती.

ठेवू की काढू? निर्णय तुमच्या घरचा आहे. पण "आपल्याकडून कुठं कोण जातं" या विचाराने काढणार असाल तर तसं करू नका. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल खेळांत ५७ किलो कुस्तीचं सुवर्ण घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने हांगझोऊ आशियाई खेळांत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं. बॉक्सिंगमध्ये मराठवाड्याचं असं नाव अजून नाही, हे खरं आहे. पण महाराष्ट्राच्या मुली कुठे पोचल्यात बघा. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये युवा जगज्जेती झाली, पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये. मुलींसाठी दारंही उघडत चाललीत. लंडन २०१२ ला बायकांचे तीनच वजनगट होते, त्यामुळे ४८ किलोत जग जिंकलेल्या मेरी कोमला ५१ मध्ये चढून खेळावं लागलं, आणि तरी तिने कांस्य आणलं. पॅरिसला सहा गट झाले, लॉस एंजेलिसला पुरुषांइतकेच सात असतील. २०२५ च्या लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जास्मिन लंबोरिया ५७ किलोत आणि मीनाक्षी हुडा ४८ किलोत सुवर्ण घेऊन आल्या. पॅरिसहून आपले बॉक्सर रिकाम्या हाताने आले होते, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही लिहिलंय की ती घरी ५८ भरते आणि स्पर्धेआधी आठवड्यात ५४ वर येते. दादा, हे थांबवा. परभणीच्या मे महिन्यात रेनकोट घालून पळवणं, पाणी तोडणं, भाकरी बंद करणं, हे वाढत्या वयाच्या पोरीबरोबर मी होऊ देणार नाही. मोठ्या स्पर्धेत तर हे चालतही नाही. आशियाई खेळ किंवा ऑलिम्पिकला ज्या ज्या दिवशी लढत, त्या त्या दिवशी सकाळी वजन भरावं लागतं. अंतिम फेरीपर्यंत चार-पाच लढती, दहा-बारा दिवसांत. एकदा चार किलो उतरवून भागत नाही, रोज तिथंच राहावं लागतं. विनेश फोगाटचं पॅरिसला कुस्तीत काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं, दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत गेली. तुमची मुलगी ५७ च्या गटाची आहे, तिथे फरक राहतो तो एका किलोचाच. तिला ५७ मध्ये खेळवा. पहिलं वर्ष हरेल, उंच मुली भेटतील, भेटू द्या. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी नियमित येते का, हे तिच्या आईने विचारावं. ज्वारीची भाकरी, मटकी, शेंगदाणे, दूध, दोन अंडी, एवढ्यावर बॉक्सर घडतो. डबे विकत घेऊन पावडरी आणू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही आणि उत्तेजक चाचणीत नाव आलं की करिअर संपतं. डोक्यावर जोरात बसून लढत थांबली असेल तर किमान तीस दिवस ना स्पर्धा, ना स्पारिंग (सरावाची लढत). हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून पडताळून, प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. दहावी-बारावीचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, सगळं त्या कागदांवर चालतं. क्रीडा प्रबोधिनीच्या आणि इथल्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्राच्या निवड चाचण्यांच्या तारखांवर नजर ठेवा. केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात आहे, तुमच्यापासून रेल्वेने काही तासांवर. चाचणीला जाताना वजन उतरवून जाऊ नका, आहे तसं जा.

त्याआधी एक करा. त्या लढतीचं मोबाइलवरचं चित्रण कुणाकडे तरी असेलच. ते घेऊन एखाद्या रविवारी लेकीसह या. आवाज बंद करून लावू. तुम्ही, ती, मी आणि माझ्याकडच्या दोन थोरल्या पोरी, पाच जण, पाच वह्या. प्रत्येक फेरीनंतर थांबायचं, एकमेकांच्या वहीत बघायचं नाही, १०-९ लिहायचं आणि पान उलटायचं. शेवटी पाचही बेरजा एकदम उघडू. पहिल्या फेरीचं पान तिने स्वतःच्या हाताने काय लिहिलंय ते मला बघायचंय.